गावची लेखणी : तरवडीच्या 'दीनमित्रा'ची हकीकत

वर्तमानपत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहर उभे राहते. मोठी इमारत, रात्रभर धडधडणारी यंत्रे, पहाटे सायकलीवर गठ्ठे लादून निघालेली पोरे. पत्र शहरात निघावयाचे आणि खेड्याने ते मिळेल तेव्हा वाचावयाचे, असाच क्रम आपण गृहीत धरलेला असतो. खेड्याची बातमी त्यात यावयाची ती दुष्काळाची, पुराची नाहीतर मारामारीची. परंतु आपल्याच नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून एक साप्ताहिक निघाले आणि ते थोडीथोडकी नव्हे, सत्तावन्न वर्षे चालले. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण हकीकत जुनी असल्यामुळे मी येथे जुनेच नाव ठेवले आहे.) गाव नेवासे तालुक्यातील तरवडी, पत्राचे नाव 'दीनमित्र' आणि संपादक मुकुंदराव गणपतराव पाटील. मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींपैकी काहींनी हे नाव ऐकले असेल. पुष्कळजणींनी ऐकले नसेल. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ही हकीकत सांगावी असे मनात आले.

ती नीट कळावयाची तर आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या गावगाड्यात लेखणी कोणाच्या हाती होती? शेत कसणारे शेकडो, पण लिहिणारा बहुधा एकच, तो म्हणजे वतनदार कुलकर्णी. जमिनीची नोंद, साऱ्याचा हिशेब, पावती, तगाईचा अर्ज, वारसाची खबर, सारे त्याच्या दप्तरात. दप्तर म्हणजे रुमालात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे. शाळेत बाळबोध अक्षरे गिरवून आलेल्या पोराला घरी आणलेला कागद लावता येईलच अशी खात्री नसे. दुसरा लिहिणारा म्हणजे सावकार किंवा त्याचा मुनीम. खत त्याने लिहावयाचे, वाचून त्यानेच दाखवावयाचे आणि कुळाने खाली निशाणी करावयाची. अंगठा उठविण्याची रीत सर्रास झाली ती पुढे. त्यापूर्वी शेतकरी खताखाली नांगराचे चित्र काढी आणि बाईमाणूस असेल तर ती बांगडीचे चित्र काढी. 'निशाणी नांगर', 'निशाणी बांगडी' असे शब्द जुन्या कागदांत सापडतात. एक गोल काढला की बाईने आपली जमीन, आपले घर लिहून दिले असे होत असे. वर काय लिहिले आहे ते तिला कोणी सांगितले तसे.

याचा परिणाम व्हावयाचा तो झालाच. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि ते लोण पाहता पाहता नगर जिल्ह्यातही आले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. या दंग्यांत जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे झाले. लोकांनी मागितले ते कागद! खते, वह्या, रोखे बाहेर काढावयाचे आणि चावडीपुढे पेटवून द्यावयाचे. ज्याला वाचता येत नाही त्याला कागदाचा पराभव करण्याचा तेवढाच एक मार्ग ठाऊक होता. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांकरिता शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. खत सरकारी नोंदणीदारासमोर लिहिले जावे, कुळाला पावती मिळावी, अशी कलमे त्यात होती. म्हणजे रोग लेखणीत आहे हे सरकारलाही कळले होते. पण मधल्या १८७६-७७ च्या दुष्काळाने माणसे आणि गुरे दोन्ही खंगून गेली होती, आणि कायदा कागदावर वाचावयाचा तरी वाचणारा पाहिजेच ना!

हे काम वर्तमानपत्राने करावे असे ज्यांच्या मनात आले त्यांपैकी एक कृष्णराव भालेकर. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याचे हे पहिल्या फळीतील कार्यकर्ते. १८७७ च्या १ जानेवारीस त्यांनी पुण्यात 'दीनबंधु' हे साप्ताहिक काढले. शेतकरी-कामकऱ्यांची बाजू मांडणारे हे आपल्याकडचे पहिले पत्र म्हटले तर चूक होणार नाही. ते चालविणे भालेकरांच्या खिशाला झेपेना. १८८० साली ते मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती गेले. पुढे १८८८ साली गणपतराव पाटील यांनी 'दीनमित्र' नावाचे पत्र सुरू केले. भालेकरांची 'बळीबा पाटील' ही कथा याच पत्रातून क्रमशः येऊ लागली. १८७७ च्या दुष्काळात सापडलेल्या गावाची ही कथा मराठीतील पहिली ग्रामीण कादंबरी म्हणून पुढे अभ्यासकांनी मानली. त्या काळी मराठी कादंबरी राजवाड्यांत आणि उद्यानांत रमत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कथेचे मोल कळते. परंतु गणपतरावांना आयुष्य लाभले नाही आणि हा पहिला 'दीनमित्र' लवकरच थांबला.

भालेकरांचा मुलगा मुकुंदराव, जन्म १३ सप्टेंबर १८८५, हा गणपतरावांच्या घरी दत्तक गेला. रक्ताच्या वडिलांचे 'दीनबंधु' आणि दत्तक घराण्याचा 'दीनमित्र', असा दोन्हीकडून छापील कागदाचा वारसा या मुलाला मिळाला. जमीनजुमल्याच्या वारशासाठी भाऊबंदकी करणारे पुष्कळ असतात. बंद पडलेल्या वर्तमानपत्राचा वारसा कोण हौसेने मागणार? पण १९१० साली भालेकर वारले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुकुंदरावांनी 'दीनमित्र' पुन्हा काढला. पंचवीस वर्षांचे वय. ठिकाण पुणे नाही, मुंबई नाही, नगर शहरसुद्धा नाही. प्रथम सोमठाणे हे गाव आणि नंतर तरवडी.

वेळ तर अगदी वाईट निवडली होती. १९१० च्या फेब्रुवारीतच सरकारने नवा प्रेस अॅक्ट केला होता. नवीन छापखाना काढणाराकडून मॅजिस्ट्रेटने पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीनरक्कम मागावी आणि मजकूर आक्षेपार्ह वाटला तर ती जप्त करावी, अशी त्यात तरतूद होती. त्या काळचे पाचशे रुपये म्हणजे काय हे आपल्या आजीबाईंना विचारावे. साध्या शेतकऱ्याला तेवढी रोकड एकदम दिसतही नसे. शिवाय १८६७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रक-प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन प्रतिज्ञापत्र करावयाचे आणि अंकावर आपले नाव व ठिकाण छापावयाचे. छापील कागदावर खेड्याचे नाव येते, ही गोष्ट आज किरकोळ वाटेल. पण इतकी वर्षे कागदावर गावाचे नाव यावयाचे ते जप्तीच्या नोटिशीवर नाहीतर सारावसुलीच्या यादीत. ते वर्तमानपत्राच्या मुद्रेत येऊ लागले हा फरक लहान नव्हता.

त्या काळच्या लहान छापखान्यातील काम कसे चाले ते थोडे सांगते, कारण आता हातावर धरलेल्या यंत्रात बातमी उमटते आणि त्यामागचे कष्ट कोणाला दिसत नाहीत. अक्षरे शिशाची, त्यांना खिळे म्हणत. आपल्या मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, हळद निरनिराळ्या वाट्यांत असते तसे लाकडी पेटीत खिळ्यांचे खाने असत. इंग्रजीला सव्वीस अक्षरांची दुप्पट आणि वर थोडी चिन्हे पुरतात. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे मिळून शेकडो खाने लागतात. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी, तीही उलटी, म्हणजे छापल्यावर सुलटी दिसेल अशी. पान जुळले की ते लोखंडी चौकटीत आवळून बसवावयाचे, रुळाने शाई लावावयाची, कागद ठेवावयाचा आणि हाताने यंत्र ओढावयाचे. एक कागद, एक ओढ. एक बाजू वाळली की दुसरी. सारे अंक छापून झाले की तेच खिळे पुसून परत आपापल्या खान्यात टाकावयाचे, कारण पुढच्या आठवड्याला तेच पाहिजेत. खिळे झिजले, एखादे जोडाक्षर कमी पडले, तर शहरात माणूस शेजारच्या छापखान्यातून उसने आणतो. खेड्यात शेजारचा छापखाना कोठून आणणार?

मग अंक पोहोचविण्याचे काम. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ सालीच सुरू झाली होती, पण ती राहुरी-बेलापूरकडून गेली. नेवासे तालुका बाजूला राहिला. पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या वाटांनी बैलगाडीचे चाक आखापर्यंत रुतावयाचे. वर्तमानपत्राला टपालाचा दर सवलतीचा असे हीच काय ती मेहरबानी. गावाहून टपाल, टपालातून रेल्वे, रेल्वेतून दुसऱ्या गावचे टपाल, असा अंकाचा प्रवास. खेड्यात लिहिलेले, खेड्यात छापलेले पत्र शहराचा वळसा घेऊन पुन्हा खेड्यातच जावयाचे.

अमेरिकेत प्रत्येक काउंटीच्या गावी एखादे साप्ताहिक असावयाचे असा प्रघात होता. कॅन्सस संस्थानातील एम्पोरिया या लहान गावचे 'गॅझेट' विल्यम अॅलन व्हाइट या गृहस्थांनी १८९५ साली विकत घेतले आणि त्या पत्राचे मत पुढे सबंध देशात विचारले जाऊ लागले. पण तेथील असल्या पत्रांना दोन आधार असत. कोर्टाच्या व कचेरीच्या जाहीर नोटिसा त्यांना मिळत आणि गावातील दुकानदार जाहिराती देत. तरवडीच्या बाजूला दुकान म्हणजे मीठ-मिरची, विडीकाडी आणि घासलेट. जाहिरात देऊन ते कोणाला सांगावयाचे? जिल्ह्याची कचेरी दूर, आणि सरकारी नोटीस मिळावी अशी या पत्राची जीभही नव्हती. राहिले वर्गणीदार. १९११ च्या शिरगणतीप्रमाणे हिंदुस्थानात शंभर पुरुषांत सुमारे अकरा आणि शंभर बायकांत जेमतेम एक साक्षर होती. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांच्यातील बहुतेकांना ते वाचताच येत नव्हते, अशी ही विलक्षण स्थिती! पण आपल्याकडे वाचन म्हणजे एकट्याने डोळ्यांनी वाचणे असे पूर्वी कधीच नव्हते. पोथी एकाने वाचावयाची आणि दहा-वीस जणांनी ऐकावयाची. पारावर, चावडीत, देवळाच्या ओसरीवर वर्तमानपत्रही तसेच वाचले जाई. एक अंक किती कानांपर्यंत जातो ते वर्गणीदारांच्या वहीवरून कळत नसते.

मुकुंदरावांना हे चांगले उमगले होते असे त्यांच्या लेखनावरून दिसते. १९१३ साली त्यांनी 'कुलकर्णीलीलामृत' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाव वाचूनच आपल्याला हसू येईल, कारण श्रावणात, शिवरात्रीला आपल्या घरोघर श्रीधरस्वामींचे 'शिवलीलामृत' वाचले जाते. १७१८ सालचा तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या तोंडी आहे. मुकुंदरावांनी तोच थाट घेतला, तीच ओवी घेतली, आणि आत घातल्या गावकामगाराच्या लीला! कुळाला कसे फसवावे, भाऊबंदांत कलागत कशी लावावी, एका कागदाचे दोन कसे करावे. ऐकणाराला ठेका ओळखीचा, कान पोथीला सरावलेले. आणि मजकूर ऐकता ऐकता तो सावध व्हावा अशी योजना. ओवी हा छंद त्या तालुक्याला परका नाहीच. याच नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. जात्यावर बसणाऱ्या बाईलाही ओवी शिकवावी लागत नाही. शिक्षितांच्या भाषेचा उंबरठा ओलांडून जाणारी वाट मुकुंदरावांनी बरोबर हेरली होती. सावकारीवर त्यांनी 'शेटजीप्रताप' लिहिले, 'होळीची पोळी' व 'ढढ्ढाशास्त्री पराण्णे' या कादंबऱ्या लिहिल्या. 'दीनमित्रा'त 'आसूडाचे फटके' या नावाचे त्यांचे सदर असे. ते नाव वाचताच जोतिरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ सालच्या ग्रंथाची आठवण व्हावी असेच ते होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण आपल्या मंडळात सर्व जातींच्या भगिनी आहेत आणि सर्वांनीच हे पान वाचावयाचे आहे. 'दीनमित्रा'ची भाषा बोचरी होती. फटका म्हटला की तो लागावयाचाच. आणि तो काही वेळा वतनावर न थांबता जातीवर जाऊन पडे. आज ते वाचताना काहींच्या मनाला लागेल, आणि लागावे यात नवल नाही. कुलकर्ण्यांतही गोरगरिबांचा कागद सचोटीने लिहिणारी माणसे होती. परंतु मला वाटते, त्या भाषेचा न्याय करताना आपण त्या निशाणी केलेल्या खतांकडेही पाहावे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एक ओळ लिहिता आली नाही, त्यांची पहिली ओळ गोड कशी निघणार? शिवाय मुकुंदराव केवळ दुसऱ्यांना मारून मोकळे झाले नाहीत. देवभोळेपणा, लग्नकार्यातील उधळपट्टी, कर्ज काढून केलेले बारसे-बारावे, भटजीवाचून आपले अडते ही समजूत, यांवरून सत्यशोधक पत्रांनी आपल्याच वाचकांना कमी सुनावले नाही. वर्गणीदाराला चार शब्द सुनावून त्याच्याकडेच वर्गणी मागणे, हे धैर्य साधे नव्हे!

कुलकर्णी वतनाचा प्रश्न 'कुलकर्णीलीलामृता'पुरता राहिला नाही. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. सबंध मुंबई इलाख्यात ते व्हावयास मात्र स्वराज्य यावे लागले. १९५० साली कायदा झाला आणि १९५१ च्या मे महिन्यापासून परगणा व कुलकर्णी वतने संपली. मुकुंदराव तेव्हा पासष्टीच्या घरात होते आणि पत्र चालूच होते. गंमत अशी की १९६२ साली महाराष्ट्र सरकारने मुलकी पाटलांची वंशपरंपरागत जागाही कायद्याने बंद केली. संपादकाचे आडनावच पाटील! वतन कोणाचेही असो, ते जावयाचे होते ते गेले.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे येते. या साऱ्या हकिकतीत बाई कोठे आहे? नांगराची निशाणी पुसावयास लोक निघाले, पण बांगडीच्या निशाणीचे काय?

याचे उत्तर शोधावयास लागलो तर आपल्या नगरचे नाव पुन्हा पुढे येते. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली हिंदुस्थानात आली आणि १८३९ पासून नगरला राहिली; १८६२ साली येथेच वारली. तिने येथे मुलींच्या शाळा चालविल्या. १८४८ साली जोतिराव आपले स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह नगरला आले असता त्यांनी या शाळा पाहिल्या आणि पुण्यास परत जाऊन मुलींची शाळा काढली. आपल्या गावचे हे ऋण पुष्कळदा विसरले जाते. छापील मराठी अक्षराचेही तसेच. 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचे पत्र १८४२ च्या जूनमध्ये निघाले ते नगरहूनच. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. पण पुढे मुंबईस गेलेल्या याच पत्रात १८५५ साली मुक्ताबाई या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. मुक्ताबाई फुल्यांच्या शाळेत शिकत होती. जिच्या आईआजीला अक्षराची सावलीही लाभली नव्हती, तिने लिहिले आणि ते छापले गेले. मग १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' आली. ती वाचून पुष्कळ पुरुष संतापले, तेव्हा जोतिरावांनी 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली.

आणि आता जी गोष्ट मला सर्वांत अपूर्व वाटते ती. मुकुंदराव १९१० साली 'दीनमित्रा'चा अंक काढण्याच्या खटपटीत होते, तेव्हा त्यांच्या जन्मदात्याचे जुने पत्र 'दीनबंधु' मुंबईत कोण चालवीत होते? तानुबाई बिर्जे. त्यांचे पती वासुदेवराव बिर्जे हे 'दीनबंधु'चे संपादक होते. ते निवर्तल्यावर तानुबाईंनी पत्र बंद पडू दिले नाही. १९१२ पर्यंत त्या अग्रलेख लिहीत राहिल्या. वृत्तपत्राचे संपादन करणाऱ्या हिंदुस्थानातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. कित्येक अभ्यासक त्यांना पहिलीच मानतात. म्हणजे एका वेळी बापाचे पत्र एका विधवेच्या हाती शहरात आणि मुलाचे पत्र खेड्यात, अशी ही जोडी होती. त्या बाईने नवऱ्याच्या मागे कोनाड्यात न बसता अग्रलेख लिहावयास घेतला त्या सकाळी घरात काय बोलणे झाले असेल? शेजारणी काय म्हणाल्या असतील? इतिहास अशा गोष्टी टिपून ठेवीत नाही, कारण तो लिहिणाऱ्याला त्या महत्त्वाच्या वाटत नाहीत.

तरवडीच्या बाबतीतही हाच विचार मनात येतो. खेड्यातला छापखाना म्हणजे घराला लागूनच चालणारा कारभार. संपादकाकडे येणारा-जाणारा, परगावचा कार्यकर्ता, दोन-दोन दिवस मुक्काम ठोकणारा पाहुणा, यांच्या भाकऱ्या कोणी थापल्या असतील ते सांगावयास इतिहासाचा पुरावा लागत नाही. सत्तावन्न वर्षांत किती चुली पेटल्या असतील याचा हिशेब अंकात कोठे यावयाचा नाही, आणि आला असता तर मुकुंदरावांनाही त्याचे आश्चर्य वाटले असते.

मधल्या काळात बहुजन समाजाची पुष्कळ पत्रे निघाली. पुण्याचे 'विजयी मराठा', कोल्हापूरचे 'हंटर', बेळगावचे 'राष्ट्रवीर', डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' १९२० साली आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ साली निघाले. कोणी दोन वर्षे, कोणी पाच, कोणी दहा चालले. पैसा संपे, संपादक तुरुंगात जाई किंवा निवडणुकीत गुंते, पक्ष फुटे, आणि पत्र मिटे. तरवडीचा 'दीनमित्र' मात्र पहिले महायुद्ध, दुसरे महायुद्ध, कागदाची टंचाई, स्वराज्य, संयुक्त महाराष्ट्र, इतके पार करून गेला. मला वाटते याचे एक कारण खेडेच असावे. शहरातल्या पत्राला खर्च शहराचा. खेड्यातल्या संपादकाचे घर स्वतःचे, दाणे शेतातले आणि गरजा बेताच्या. ज्या गोष्टीने पत्र चालणे अशक्य वाटत होते तिनेच ते तगवले. दुसरे कारण माणसाचा हट्ट. दर आठवड्याला पान भरलेच पाहिजे हा नेम एखाद्याने वारीसारखा पाळला तर वर्षे आपोआप मोजली जातात.

या वर्षांत जिल्हा केवढा पालटला! १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्याने फिरले. १९५० च्या अखेरीस लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखान्याचे बॉयलर पेटले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या खतावर नांगर काढला होता ते शेतकरी आता भागधारक म्हणून कागदावर सह्या करू लागले. हे सारे 'दीनमित्रा'ने घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कागद वाचून मग त्यावर सही करावी ही सवय एका दिवसात लागत नाही, आणि ती लावण्याचे काम या साप्ताहिकाने तेव्हा चाळीस वर्षे चालविलेले होते.

२० डिसेंबर १९६७ रोजी मुकुंदराव वारले. त्या वर्षाबरोबर 'दीनमित्र'ही संपला. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत चाललेला लेखणीचा संसार तेथे आटोपला.

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे असे म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जातात. साप्ताहिक आठवडाभर जगते एवढेच. फडताळात अंथरलेल्या जुन्या कागदावरची एखादी ओळ वाचत बसण्याची खोड आपल्यापैकी कित्येकींना असेल. 'दीनमित्रा'चे अंक मात्र सारेच फडताळात गेले नाहीत. गेल ऑमव्हेट या अमेरिकन विदुषी १९७० च्या सुमारास महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करावयास आल्या, तेव्हा त्यांनी ज्या जुन्या मराठी पत्रांचा आधार घेतला त्यांत 'दीनमित्र' होते. त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि तरवडीचे नाव परदेशातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोहोचले. त्या बाई पुढे सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या सूनबाई होऊन इकडच्याच झाल्या आणि २०२१ साली तेथेच वारल्या. खेड्यातल्या संपादकाचे लेखन मोलाचे आहे हे आपल्याला पटण्यास एक परदेशची बाई यावी लागली, याचे थोडे वैषम्य वाटते. पण आली ती बाईच, याचा आनंदही वाटतो.

तरवडीस आता मुकुंदरावांच्या नावाचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाने साहित्यिकांना पुरस्कार दिले जातात. नेवाशाहून शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुकाणे लागते. तेथून तरवडी जवळ आहे. मंडळाची सहल दर दोन-तीन वर्षांनी ज्ञानेश्वरांच्या पैसाच्या खांबाला जातेच. पुढच्या खेपेस निघताना तासभर अधिक हाताशी ठेवला आणि गाडीवाल्याला आधी सांगून ठेवले, तर दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतील.